बोटांवरून ओळखलेला माणूस

भाचीने पुस्तकाची मुद्रितं आणून दिली तेव्हा मी तिला पहिल्यांदा जे विचारलं ते कुणीही विचारेल तेच. "अगं, चिनी नटाचं चरित्र मराठीत वाचणार कोण?" ती म्हणाली, "मावशी, तू वाचशील." वाचलं. दोनदा वाचलं. आणि आता प्रस्तावनाही माझ्याच गळ्यात पडली आहे.

तसा दोष माझाच. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी घरात बसून होते, तेव्हा तिने मला 'लांगया बांग' नावाची मालिका लावून दिली. "तीन भाग बघ, नाही आवडलं तर बंद कर." मालिका ५४ भागांची. पहिल्या तीन भागांत मला काही म्हणता काही कळलं नाही. कोण कुणाचा मुलगा, कुठला राजपुत्र कुणाच्या गोटातला, हे लक्षात राहावं म्हणून मी कागदावर वंशावळ काढून फ्रिजवर चिकटवली. महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला हे जड जायला नको होतं. पण इथे सगळ्यांचे केस लांब, सगळ्यांचे झगे पायघोळ आणि सगळ्यांची नावं दोन-तीन अक्षरी. पाचव्या भागापर्यंत तो कागद निरुपयोगी झाला, कारण तोवर मी एकाच माणसाकडे बघायला लागले होते.

हा माणूस आजारी आहे. खोकतो. शेगडीजवळून हलत नाही, खांद्यावरचा जाड झगा काढत नाही, तलवारीला हात लावत नाही. बसल्या जागेवरून दरबार उलथापालथा करायचं त्याचं काम चाललेलं असतं. विचारात गढला की तो वस्त्राची कड दोन बोटांत धरतो आणि हलके हलके चोळत राहतो. मालिका बघणाऱ्याला सुरुवातीला वाटतं, नटाची लकब असेल. ती लकब नटाची नाही, गोष्टीची आहे. मेई छांगसू हे नाव घेऊन राजधानीत आलेला हा माणूस मुळात लिन शू नावाचा तरणाबांड सेनानी. खोट्या आरोपावरून ७०,००० सैनिक कापले गेले त्यांत तोही मेला, असं सगळे समजून चाललेत. तो वाचला, पण अंगात भिनलेलं विष उतरवण्यासाठी त्याची कातडी सोलावी लागली, हाडं खरवडावी लागली. बारा-तेरा वर्षांनी तो परततो तेव्हा चेहरा दुसराच, ताकद गेलेली, आणि बालमित्र समोर बसून त्याच्याशी परक्यासारखा बोलतो आहे. विष चेहरा घेऊन गेलं. बोटांची सवय तेवढी मागे राहिली. एके दिवशी तो मित्र, राजपुत्र चिंगयेन, ती चोळणारी बोटं बघतो, चमकतो, आणि तरीही ओळखत नाही.

ओळखते ती त्या मित्राची आई. एका प्रवासवर्णनाच्या समासात या आजारी माणसाने टिपणं केलेली असतात. त्यांत एका ठरावीक जागी अक्षरातली एक रेघ गाळलेली तिला दिसते. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. तसं जुन्या चीनमध्ये आईवडिलांच्या नावातलं अक्षर लिहायची वेळ आली तर लिहिणारा त्यातली एखादी रेघ मुद्दाम सोडून द्यायचा. त्या न काढलेल्या रेघेवरून तिला कळतं की हा कुणाचा मुलगा. हा प्रसंग मी रात्री दीड वाजता पाहिला आणि उठून पाणी प्यायले.

ही भूमिका करणाऱ्या नटाचं नाव हू ग. (उच्चाराबद्दल शेवटी लिहिते, तिथे एक गंमत आहे.) मालिका संपल्यावर भाचीने मला सहज सांगितलं, "मावशी, त्याचाही चेहरा गेला होता." हे पुस्तक त्या वाक्यातून निघालं असं ती म्हणते. पण पुस्तकाचा खरा गुण मला विचाराल तर असा, की तिने त्या वाक्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही.

हू ग शांघायचा, जन्म २० सप्टेंबर १९८२. शाळकरी वयातच शहराच्या शैक्षणिक वाहिनीवर मुलांच्या कार्यक्रमाचं निवेदन केलेला, २००१ मध्ये शांघाय नाट्य अकादमीत दाखल झालेला. देखणा. इथे जरा थांबायला हवं, कारण पहिली काही वर्षं या शब्दापलीकडे त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलतच नव्हतं. अकादमीत असतानाच त्याला तांगरन या निर्मितीसंस्थेने हेरलं, आणि २००५ मध्ये 'श्येनच्येन छीश्या च्वान' ही मालिका आली. तैवानमध्ये १९९५ साली निघालेल्या एका संगणकीय खेळावरून ती बेतलेली. खाणावळीत काम करणारा, उनाड, बडबड्या ली श्याओयाओ अपघाताने जादू आणि तलवारींच्या जगात ओढला जातो अशी गोष्ट. आज ती बघताना पडद्यावरची जादू पोरकट वाटते, रंग भडक वाटतात. पण ज्या चिनी पिढीने हा खेळ खेळतच शाळा केली, तिच्यासाठी ली श्याओयाओ आता कायमचा हू गच्याच चेहऱ्याचा झाला. मालिकेतली दोन गाणीही त्यानेच म्हटली होती. त्यांतलं जून महिन्यातल्या पावसावरचं गाणं इतकं घरोघरी गेलं की नट मागे पडून गायक पुढे येतो की काय असं काही महिने वाटत होतं.

गाण्याबद्दल इथेच लिहून टाकते. भाचीने त्याला एक अख्खं प्रकरण दिलं आहे, मी तेवढं दिलं नसतं. हू गचा आवाज मोठा नाही. पल्ला बेताचा, वरच्या पट्टीत तो थोडा ताणला जातो. पण चिनी मालिकांची एक रीत आहे, प्रमुख नटानेच त्या गोष्टीतलं एखादं गाणं म्हणायचं. आपल्या संगीत नाटकात नट संवाद थांबवून पद घ्यायचा आणि प्रेक्षक 'वन्स मोअर' द्यायचे. इथे उलटं घडतं. पात्र पडद्यावर गप्प असतं आणि त्याचाच आवाज पार्श्वभूमीवर गात असतो, किंवा भाग संपून नावं वर सरकू लागली की ऐकू येतो. गाणं म्हणून ते ऐकायचं नसतंच, त्या माणसाचं न बोललेलं बोलणं म्हणून ऐकायचं असतं. २००९ च्या तिसऱ्या 'श्येनच्येन'मधलं काळ विसरण्याबद्दलचं गाणं आणि 'लांगया बांग'मधलं वारा सुटण्याबद्दलचं गाणं लागोपाठ ऐका. पहिल्यात गाणारा मुलगा आहे. दुसऱ्यात तो फार जपून, जवळजवळ श्वासावर गातो, आणि बेताचा पल्ला तिथे बरोबर कामाला येतो.

त्या दोन गाण्यांच्याही आधी २००६ चा ऑगस्ट येऊन गेलेला होता.

जिन योंगची 'गरुडवीरांची कथा' ही कादंबरी चिनी वाचकाला आपल्या घरच्या पोथीइतकी जवळची. १९५७ पासून हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्रात ती रोज थोडी थोडी छापून यायची. तिच्यावर नवी मालिका निघाली आणि त्यातला सरळमार्गी, थोडा मंद, पण शब्दाला जागणारा क्वो चिंग हू गला मिळाला. चित्रीकरण चालू असताना २९ ऑगस्टला हेंगत्येनच्या चित्रनगरीतून शांघायला परतताना महामार्गावर त्याची गाडी एका मालमोटारीवर आदळली. गाडीत बरोबर असलेली त्याची तरुण सहायक गेली. त्याच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून शंभरावर टाके पडले, उजव्या डोळ्याभोवती सगळ्यांत जास्त. चोविसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते.

पुढचं वर्ष हाँगकाँगमधल्या शस्त्रक्रियांत गेलं. निर्मात्यांनी दुसरा नट घेतला नाही, चित्रीकरण थांबवून वाट पाहिली. धंद्याच्या हिशेबाने हा वेडेपणाच. २००८ मध्ये ती मालिका दिसली तेव्हा तिच्यात अपघाताआधीची दृश्यं होती आणि नंतरचीही. भाचीने मला ती ओळखायला शिकवलं. केसांची बट उजव्या डोळ्यावर कशी आणली आहे, कॅमेरा कुठल्या बाजूने धरला आहे, ते बघायचं. मी तीन-चार दृश्यं तशी पाहिली आणि मग तिला ते बंद करायला सांगितलं. चोरून दुसऱ्याच्या खोलीत डोकावल्यासारखं वाटलं.

बरं होण्याच्या काळात त्याने लिहिलेल्या मजकुराचं पुस्तक झालं. नावाचा अर्थ साधारण 'सुखी कचरावेचक'. नटाने स्वतःला कचरावेचक म्हणवून घेणं ही आधी मला पोझ वाटली होती. पुढे अनेक वर्षांनी छिंगहाईच्या पठारावर, यांगत्सेच्या उगमाकडच्या भागात, स्वयंसेवकांबरोबर तो खरोखरच प्लास्टिक आणि बाटल्या वेचताना दिसला, तेव्हा मी माझं मत थोडं मागे घेतलं. सगळं नाही.

या अपघाताची जी कथा चीनमध्ये सांगतात ती फार गोळीबंद आहे. देखणा मुलगा, चेहरा गेला, अंतर्मुख झाला, मोठा नट झाला. जणू ट्रक ही अभिनयाची शाळाच. भाचीने या कथेला दोन ठिकाणी टाचणी लावली आहे आणि दोन्ही मला पटतात. एक म्हणजे कॅलेंडर. अपघात २००६ चा आणि 'लांगया बांग' २०१५ ची. मधल्या नऊ वर्षांत त्याने बऱ्याच मालिका केल्या, त्यांतल्या काही यथातथाच. जखमेने माणूस नट होत असता तर इतकी वर्षं कशाला लागली असती? दुसरी टाचणी अधिक टोचते. या पुनर्जन्माच्या गोष्टीत एक बाई आहे जिचा पुनर्जन्म झाला नाही. गोष्ट जितकी सुबक होत जाते तितकी ती बाई तिच्यातून पुसली जाते. हू गने स्वतः मात्र तिला पुसलेलं नाही. आपण वाचलो आहोत तर ते जगणं फुकट जाता कामा नये, या अर्थाचं तो वर्षानुवर्षं बोलत आला आहे, आणि मेई छांगसूच्या तोंडीही त्याच अर्थाचं एक वाक्य आहे. ते ऐकताना ७०,००० मेलेले सैनिक आठवायचे की महामार्गावरची ती रात्र, हे प्रेक्षकाने ठरवायचं.

नऊ वर्षांत काय झालं याचं उत्तर मला टीव्हीत सापडत नाही, रंगमंचावर सापडतं. या पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण तेच. तैवानचे नाटककार स्टॅन लाय यांचं 'स्वप्नासारखं स्वप्न' हे जवळजवळ आठ तासांचं नाटक. २००० मध्ये तैपेईत झालेलं, २०१३ मध्ये बीजिंगला नव्याने उभं राहिलं. त्याची कल्पना लायना १९९९ मध्ये आपल्याकडे, बोधगयेला सुचली. लोक स्तूपाला प्रदक्षिणा घालत होते, ते बघत ते बसले होते. मग त्यांनी नाटकगृहच उलटं केलं. मधोमध फिरत्या खुर्च्यांवर प्रेक्षक, आणि नट चारी बाजूंनी त्यांच्याभोवती फिरत राहणार. पूज्य वस्तूच्या जागी प्रेक्षक, प्रदक्षिणा घालणारे नट. आठ तास. हू गने त्यात 'रुग्ण क्रमांक ५' केला. कुठल्या आजाराने मरतो आहे हे डॉक्टरांनाही कळत नाही असा हा माणूस एका तरुण डॉक्टरला आपली गोष्ट सांगत जातो.

त्या रचनेत नटाच्या चेहऱ्याला कुठली 'चांगली बाजू' उरेल? प्रेक्षक चोहीकडून बघतात. बट कुठे आणणार? पाठ, मान, चालण्याचा वेग, थांबणं, यांतूनच माणूस उभा करायचा. नंतरची काही वर्षं तो हे नाटक पुन्हा पुन्हा करत राहिला. मेई छांगसूची ती बोटं इथून आली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण कुणी म्हटलं तर वाद घालणार नाही.

२०१५ हे वर्ष त्याचं. ऑगस्टअखेर 'वेइच्वांगचे' या हेरकथेत जपानव्याप्त शांघायमधला लाडावलेला धाकटा भाऊ, आणि ती संपते न संपते तोच 'लांगया बांग'. एका शरदात दोन मालिका, दोन टोकांचे दोघे. पुढच्या वर्षी मॅग्नोलिया पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेता. त्याच वर्षीच्या गोल्डन ईगल सोहळ्यातलं त्याचं भाषण पुस्तकात आहे. तिथे येताना ज्येष्ठ नट ली श्वेच्येन बरोबर फक्त एक माणूस घेऊन आले होते, आणि आपल्याबरोबर तिघे होते, याची लाज वाटली असं तो बोलून गेला. सोहळ्यात नट नम्रच असतात, त्यात नवल नाही. इथे आवडला तो आकडा. लाज वाटायला आकडा लागतो.

त्यानंतर तो मंदावला. २०१७ मध्ये काही महिने अमेरिकेत शिकायला गेला, कामं वेचून घेऊ लागला. त्याच्या चाहत्यांना हा काळ लांबला असं वाटतं, मला तो योग्य वाटतो. त्यातून २०१९ मध्ये त्याऊ यीनान यांचा 'रानहंसांचं तळं' आला, कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेलेला. वूहानच्या बोलीत बोलणारा, पोलिसांपासून पळणारा गुन्हेगार. चित्रपट मला थोडा थंड वाटला, नट नाही. २०२२ मध्ये सरकारी वाहिनीवर एका गरीब तालुक्याचा प्रमुख झाला. ती मालिका मी अर्ध्यात सोडली, हे इथे कबूल करते.

२०२३ चा 'पू श्यू त्स शिंग' मात्र शोधून पाहावा. नावाचा अर्थ, ही खेप वाया गेली नाही. ल्यू च्यायिन या दिग्दर्शिकेचा शांत, जवळजवळ काहीच न घडणारा चित्रपट. अपयशी पटकथालेखक पोटासाठी श्रद्धांजलीची भाषणं लिहून देतो. नातेवाइकांना भेटायचं, गेलेल्या माणसाबद्दल ऐकायचं, टिपून घ्यायचं. हू ग यात बहुतेक वेळ फक्त ऐकतो. चष्मा, साधा शर्ट, किंचित वाकलेली मान. दुसऱ्याच्या मेलेल्या माणसाबद्दल ऐकत असताना चेहऱ्यावर सहानुभूतीही आणायची नाही, हे किती अवघड असतं ते तिरडीच्या घरी बसून आलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शांघाय चित्रपट महोत्सवात त्याला यासाठी अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

आणि त्याच डिसेंबरात 'फानह्वा', म्हणजे फुलांचा बहर. दिग्दर्शक वाँग कार-वाय यांची पहिली दूरदर्शन मालिका, ३० भागांची. वाँग मूळचे शांघायचे, पाच वर्षांचे असताना हाँगकाँगला गेलेले. चिन यूछंग यांची मूळ कादंबरी शांघायच्या बोलण्याच्या लयीत लिहिलेली, आणि तिला २०१५ चा माओ दुन पुरस्कार मिळालेला. चित्रीकरण तीन वर्षं चाललं. गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीच्या शांघायची. शेअर बाजार नुकताच उघडलेला, ह्वांगह रस्त्यावर हॉटेलांचे निऑन दिवे, आणि कालपर्यंत साधा कामगार असलेला आ-बाओ आता सूट घालून 'बाओ साहेब' झालेला. पहिल्याच भागात, वर्षअखेरच्या रात्री, एक टॅक्सी त्याला उडवते. या नटाला घेऊन गोष्ट अशी सुरू करणं हे धाडस की निर्दयपणा, यावर भाची आणि मी अजून भांडतो.

मालिका दोन भाषांत निघाली, प्रमाण चिनी आणि शांघायची बोली. बोलीतलीच बघा, कळत नसली तरी. शाळेत प्रमाणभाषा बोला असं ऐकत वाढलेल्या पिढीचा हा नट घरच्या बोलीत आला की त्याचे खांदे सैल पडतात. त्याला धंदा शिकवणारे म्हातारे 'काका' यो पनछांग यांनी केलेत, १९८५ च्या 'ची गोंग' मालिकेतला तो वेडा साधू. प्रक्षेपण झालं तेव्हा ते नव्वदीचे. दोघे समोरासमोर बसले की धाकटा मुद्दाम कमी करतो, म्हाताऱ्याला जागा देतो. आणि जेवण! शहराला मेजवान्या देणारा हा बाओ स्वतः मैत्रिणीच्या छोट्या हॉटेलात जाऊन पाओफान खातो. उरलेल्या भातात गरम पाणी, बाजूला वाट्यांत थोडं थोडं तोंडी लावणं. वाडगा तोंडाशी नेऊन तो भुरके मारतो तेव्हा सूटाची, केसांच्या चापूनचोपून बसवलेल्या भांगाची, सगळ्या थाटाची एकदम कीव येते. २०२४ मध्ये मॅग्नोलिया पुन्हा त्यालाच मिळाला.

आता नावांबद्दल. चिनी नावं आपण इंग्रजीतून उचलतो आणि तिथेच फसतो. चिनीत रोमन झेड लिहून दाखवतात तो ध्वनी आपल्या 'चोर'मधल्या च-च्या अगदी जवळचा. 'चिमणी'तला च वेगळा, 'चोर'मधला वेगळा, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. हिंदीवाल्याला लागतं. म्हणून भाचीने सगळी नावं ध्वनीवरून थेट मराठीत आणली आहेत. प्रत्येक ठिकाणी जमलंय असं नाही, पण इंग्रजीची उसनवारी टळली.

खुद्द नायकाचं नाव मात्र डोकेदुखी झालं. इंग्रजी अक्षरं बघून सगळे 'हू गे' लिहितात. खरा उच्चार 'काय गं'मधल्या 'गं'सारखा, नुसता मोकळा अकार. म्हणजे मराठीत त्याला हाक मारली की एखाद्या मैत्रिणीला बोलावल्यासारखं वाटतं. अक्षराचा अर्थ 'गाणं'. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, टोपणनाव नव्हे. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला हे कितीदा सांगितलं तरी तो प्रत्येक वेळी मात्रा देऊन 'गे' करत राहिला, आणि भाची लाल शाईने ती मात्रा खोडत राहिली. तिसऱ्या मुद्रितातही एका पानावर ती शिल्लक आहे. कुठल्या, ते मी तिला सांगितलेलं नाही.